चंपाबाईंचा बत्तासा

“दिवा लागला. पुढं?”

शिदोरे सरांनी हे विचारलं तेव्हा बटण त्यांच्याच हातात होतं.

अक्षता मगदूमनं पडद्याकडं बोट केलं. पुढचं सगळं तिथं लिहिलेलं होतं, चित्रांसकट.

“मी पडदा वाचत नाहीये,” सर म्हणाले. “बटण दाबलंय. पुढं?”

विद्यापीठाच्या डिझाइन विभागातला शेवटच्या वर्षाचा सादरीकरणाचा दिवस होता. प्रत्येकानं कुणासाठी तरी काहीतरी वस्तू करायची, ज्यांच्यासाठी केली त्यांच्याच हातात देऊन तिची चाचणी घ्यायची, आणि मग ती वर्गासमोर, सरांसमोर आणि बाहेरून आलेल्या दोन पाहुण्यांसमोर मांडायची, अशी रीत होती. अक्षताचं काम सगळ्यांत सरस आहे हे वर्गाला माहीत होतं. अक्षताला जरा जास्तच माहीत होतं.

सांगलीबाहेरच्या एका वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्या बायकांसाठी तिनं बोलावण्याची घंटा केली होती. खाटेच्या दांड्याला बांधायचं पांढरं रबरी बटण, बत्ताशासारखं फुगीर. म्हाताऱ्या बोटांत जोर नसतो म्हणून ते तळहातानं दाबता यायचं, कोपरानं दाबता यायचं. दाबलं की टोकाच्या खोलीत सेविकेजवळ घंटा वाजायची आणि इकडं बटणाच्या पोटात पिवळा दिवा लागायचा, तो कुणी येऊन विझवेपर्यंत जळत राहायचा.

त्या दिव्याचा तिला फार अभिमान होता. आपली हाक पोचली हे हाक मारणाऱ्याला कळलं पाहिजे, नाहीतर जीव घाबरा होतो, असं तिनं सांगितलं तेव्हा दोन्ही पाहुण्यांनी माना डोलावल्या होत्या.

सरांनी बटण टेबलावर ठेवलं. खुर्ची ओढली आणि बसले.

बटणात दिवा जळत होता.

अक्षता पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिली. प्रश्न येईना. कुणीतरी खोकलं. एका पाहुण्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. वर्गाला आधी गंमत वाटली, मग अवघडल्यासारखं झालं.

“सर, दिवा लागलाय,” ती म्हणाली.

“दिसतोय.”

...

“मग आपण थांबलोय कशासाठी?”

“मी हाक मारलीय,” सर म्हणाले.

आता मात्र तिचे कान तापले. सरांची ही खोड सगळ्यांना ठाऊक होती. ते विद्यार्थ्यांना अहोजाहो करत, आणि ज्याला अहोजाहो करताना आवाज जास्त खाली जाई त्याची धडगत नसे. आज आवाज खूपच खाली होता.

“तुम्ही चाचणी घेतलीत तेव्हा घंटा वाजल्यावर कोण जात होतं?”

“मी जात होते. कधी माझ्याबरोबरची मुलं.”

“तिथल्या सेविका?”

“त्या त्यांच्या कामात असायच्या, सर. आणि मी बटणाची चाचणी घेत होते. सेविकांची नाही.”

वर्ग हसला. पाहुणेही हसले. उत्तर बिनतोड होतं. सरांनीही मान हलवली, जणू त्यांना ते पटलं होतं.

“बरं,” ते म्हणाले. “मग चाचणी अजून व्हायचीय. बसा.”

त्या वर्षीचं पदक अक्षतालाच मिळालं. पाहुण्यांचं एकमत होतं आणि सरांनी विरोधाचा एक शब्द काढला नाही. त्यांनी विरोध केला असता तर तिला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी भांडायचं म्हणूनच ती त्यांच्या खोलीत गेली. सर कागदावर भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. आज्या किती खूश होत्या, एकीनं तोंडावरून हात फिरवून कशी बोटं मोडली, ते सगळं चित्रफितीत आहे. आता तर आश्रमाचे व्यवस्थापक ही बटणं कायमची ठेवून जा म्हणून मागं लागलेत. छोटासा कार्यक्रम आहे. सरांनी यावं.

सरांनी शेंगा तिच्यापुढं सरकवल्या.

“काढून आणा,” ते म्हणाले.

“काय?”

“बटणं. कार्यक्रमाच्या आधी काढून आणा. नाहीतर तुम्ही तिथं राहायला जा.”

ती हसली. सर हसले नाहीत.

जिना उतरताना तिच्या मनात आलं, हा हेवा आहे. तरुणपणी सरांनी म्हणे वजनाला हलकी अशी एक हातगाडी केली होती आणि ती कुणी विकत घेतली नव्हती. आयुष्यभर ज्याच्या हातची वस्तू कुणाच्या दारात उभी राहिली नाही, त्याला दुसऱ्याची वस्तू कुणाच्या उशाशी गेलेली कशी बघवेल? हा विचार तिला इतका पटला की कार्यक्रमाच्या दिवशी तिनं सरांना आठवण करून देणारा फोनही केला नाही.

कार्यक्रम झोकात झाला. नारळ फुटला, फलक लागला, त्यावर अक्षताचं नाव होतं. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. खाटेवर चंपाबाई आवटी, बटणावर त्यांचा हात, आणि शेजारी वाकलेली अक्षता.

चंपाबाई तिच्या लाडक्या. खुब्याचं हाड मोडून त्या खाटेवर पडल्या होत्या आणि तिथून पुन्हा उठणार नव्हत्या. चाचणीच्या दिवसांत सगळ्यांत जास्त वेळा बटण त्यांनीच दाबलं होतं. अक्षता धावत जायची आणि विचारायची, काय हवंय आजी? कधी पाणी हवं असायचं. पुष्कळदा काहीच नको असायचं. “बघितलं, येतीस का,” असं म्हणून त्या हसायच्या. बटणाला त्यांनीच नाव ठेवलं होतं, बत्तासा. अक्षतानं हे सगळं दाबणं यशाच्या बाजूला धरलं होतं.

शेजारच्या खाटेवर गंगूबाई होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बटण उपटून भिंतीवर फेकलं आणि आपला गळा शाबूत आहे असं सुनावलं. त्यांना अक्षतानं चाचणीतून वगळलं. सहकार्य नाही, असा शेरा दिला.

पुढं तिला पुण्यात नोकरी लागली. मग अहमदाबादला एक बक्षीस मिळालं. मग लोक बोलवू लागले आणि ती व्यासपीठावर उभी राहून बटणाची कथा सांगू लागली. त्या कथेत एक शिदोरे सरही असत. ते बटण दाबतात, खुर्ची ओढतात आणि ढिम्म बसून राहतात. ती त्यांची नक्कल हुबेहूब करायची. श्रोते पोट धरून हसायचे.

वर्ष उलटलं. एका मोठ्या संस्थेला ही बटणं राज्यातल्या पुष्कळ वृद्धाश्रमांत बसवायची होती. त्याआधी त्यांना एक चित्रफीत हवी होती, जुन्या आश्रमात बटणं कशी वापरली जातात याची. ठरवून गेलं की माणसं नटूनथटून बसतात, म्हणून अक्षता न कळवता गेली. एकटीच, कॅमेरा घेऊन.

दुपारची वेळ होती. आश्रमाच्या लांब पडवीत पाऊल टाकलं आणि गंगूबाईंचा आवाज कानावर आला. मंगल नावाच्या सेविकेच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. मंगल पुटपुटत धावत त्यांच्या खाटेशी गेली, पांघरूण सारखं केलं, पाणी दिलं आणि निघून गेली.

शेजारच्या खाटेवर चंपाबाई गप्प पडून होत्या. फार वाळल्या होत्या. खाटेजवळ वास येत होता. दांड्यावर बटण होतं आणि बटणात पिवळा दिवा जळत होता.

अक्षताला त्यांनी ओळखलं. “तू बत्तासेवाली,” म्हणाल्या, आणि तिचा हात धरून ठेवला.

“आजी, बटण कधी दाबलंत?”

“मघाशी. जेवायच्या आधी.”

जेवणाची ताटं केव्हाच उचलली गेली होती. पडवीच्या टोकाला ती घासून पालथी घातलेली दिसत होती.

“येतील,” चंपाबाई म्हणाल्या. “दिवा लागलाय न्हवं.”

अक्षता कॅमेरा मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला टेकली. मंगल आत्ता येईल, असं तिला वाटत होतं. मंगल बादली घेऊन खाटेसमोरून गेली. मग रिकाम्या हातानं परत आली. खाटेकडं तिनं बघितलंच नाही. बघितलं असतं तरी दिवा तिला दिसला नसता. तो खाटेवरच्या माणसाच्या तोंडाकडं होता. अक्षतानंच तो तसा ठेवला होता, हाक मारणाऱ्याला धीर यावा म्हणून.

...

“आजी, हाक मारा ना तिला.”

चंपाबाईंनी मान हलवली. त्यांना त्या सूचनेचं जरा वाईटच वाटलेलं दिसलं.

“आता वरडत न्हाई मी. आधी वरडायला लागायचं. गडीमाणसं ये-जा करायची, लाज वाटायची गं. ती बघ गंगू, अजून वरडती.” त्यांनी बटणावर हात ठेवला. “तू लई बरं केलंस.”

अक्षता उठली. पडवीच्या टोकाला सेविकांच्या खोलीत गेली. घंटा भिंतीवर होती. तिची पिन काढून वायर खिळ्याला गुंडाळून ठेवली होती. गुंडाळीवर धूळ बसली होती.

मंगलनं काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात तिला काही वाटलंच नव्हतं. घंटा सारखी वाजायची, म्हणाली. एकीची झाली की दुसरीची. पूर्वी तिघी होत्या, आता सगळ्या पडवीला ती एकटी. कुणाकडं आधी जायचं? डोकं उठायचं. म्हणून पिन काढली. कार्यक्रम झाला त्याच आठवड्यात.

“आणि दिवे?”

“दिव्यांचं काय? ते बॅटरीवर चालतात. बॅटरी आम्ही बदलतो की.” मंगल पदरानं हात पुसत होती. “उलट बरं पडतं, ताई. दिवा लागला की त्या गप पडून राहतात. जी वरडती तिच्याकडं मग जायला होतं.”

अक्षताला खूप बोलायचं होतं. तिनं मंगलच्या हातांकडं बघितलं, पडवीकडं बघितलं, ओळीनं मांडलेल्या खाटांकडं बघितलं. 

मग दोघींनी मिळून चंपाबाईंची चादर बदलली. त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा पाठीवरची जखम दिसली. ती आजची नव्हती, महिन्याभराचीही नव्हती. मंगलनं औषध आणलं. अक्षतानं त्यांना धरून ठेवलं. सगळा वेळ चंपाबाई म्हणत होत्या, तुला कशाला गं त्रास, तुझे कपडे खराब होतील. कोरड्या चादरीवर टेकल्या आणि लगेच त्यांचा डोळा लागला. कितीतरी दिवसांनी लागला असावा, तसा गाढ.

चित्रीकरण झालंच नाही. अक्षतानं कॅमेऱ्याची पिशवी रिकामी केली आणि एकेका खाटेवरून बटणं सोडवायला लागली. व्यवस्थापक धावत आले. देणगी अशी परत नेता येत नाही, म्हणाले. तिनं ऐकलं नाही. निदान फलक तरी राहू द्या, म्हणाले. ती पुढच्या खाटेकडं वळली. चंपाबाईंचं बटण तिनं सगळ्यांत शेवटी काढलं. झोपेतही त्यांचा हात त्यावर होता. एकेक बोट उचलून तिनं तो बाजूला ठेवला, जाग येऊ नये अशा बेतानं.

तिथून ती सरळ विद्यापीठात आली.

शिदोरे सर कार्यशाळेत होते. मुलं घरी गेली होती आणि ते रंधे, पटाशा जागच्या जागी लावत होते. त्या वर्षी ते निवृत्त व्हायचे होते. तिला बघून त्यांनी स्टूल पुढं केलं. ती बसली नाही. तिनं पिशवी टेबलावर उपडी केली. पांढरी बटणं लाकडाच्या भुशात घरंगळली.

“काढून आणली,” ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. पिनेचं, मंगलचं, जखमेचं. चंपाबाई काय म्हणाल्या ते सांगताना तिचा आवाज फाटला. नकलेचंही तिनं सांगून टाकलं. सर ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर विजयाची रेघ शोधायचा तिनं प्रयत्न केला. ती सापडली असती तर सोपं झालं असतं.

“तुमचं बरोबर होतं, सर.”

सरांनी एक पटाशी उचलून पुसायला घेतली.

ती घाईघाईनं पुढं बोलायला लागली. चूक कळलीय. बटण दाबल्यावर दिवा लागायला नको, पलीकडून कुणी होकार दिला तरच लागायला हवा. आणि त्याचं तोंड येणाऱ्या-जाणाऱ्याकडं हवं. संस्थेला ती आजच कळवणार होती की आहे हे बसवू नका, नवीन करून देते. पदकही परत करणार होती. बोलता बोलता तिला स्वतःच्याच बोलण्याचा वीट आला आणि ती थांबली.

...

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. आता आवाजात रडू नव्हतं. “तेव्हाच माहीत होतं. सगळ्यांसमोर मला खुर्चीत बसून दाखवलंत. शेंगा फोडत सांगितलंत, काढून आणा. इथून वृद्धाश्रम काही लांब नाही, सर. वर्षभरात तुम्ही एकदा तरी का गेला नाहीत?”

सरांच्या हातात पटाशी होती. ती त्यांनी जागेवर ठेवली. नीट बसली नव्हती, तरी तशीच ठेवली.  ते भुशातल्या बटणांकडं बघायला लागले. त्यांचं वय त्या क्षणी तिला पहिल्यांदा दिसलं.

मग त्यांनी एक बटण उचललं. फुंकर मारून भुसा उडवला.

“चंपाबाईंचं कुठलं?”

तिनं दाखवलं. एका बाजूनं तळहातानं झिजून ते पिवळट पडलं होतं.

“काढताना त्यांना काय सांगितलंत?”

“काही नाही. त्या झोपल्या होत्या.”

“मंगलला?”

“काय सांगायचं तिला?”

सरांनी बटण परत टेबलावर ठेवलं. उठून कार्यशाळेचं दार सताड उघडलं. बाहेर उन्हं कलली होती. गेटाबाहेरच्या रस्त्यावर सांगलीकडं जाणारी एसटी थांब्याला लागत होती. सर दाराशी बाजूला सरून उभे राहिले.

“अजून काही सांगायचं असेल, तर मी ऐकतो,” ते म्हणाले. “पण चंपाबाईंना आता जाग आली असेल.”